टी.व्ही. घेताना : आधी घर मोजा, मग दुकान गाठा



ऊस गाळपास गेला आणि बिल बँकेत जमा झाले की घरोघरी एखाद्या मोठ्या खरेदीचे बोलणे निघते. अलीकडे त्यात टी.व्ही.चा नंबर बराच वर लागला आहे. लागणीची नोंद द्यायला गट ऑफिसला आलेली मंडळी उसाचे बोलणे संपले की हळूच विचारतात, "साहेब, बत्तीस इंची घ्यावा का त्रेचाळीस?" शेतकी खात्याच्या माणसाला हे कशाला विचारायचे, असे कोणी म्हणेल. परंतु विचार केला तर हा प्रश्न आपल्या रोजच्या कामातलाच आहे.

वाण निवडताना आपण काय करतो? आधी रान पाहतो, पाणी पाहतो आणि मग वाण ठरवतो. को ८६०३२ चांगला म्हणून तो प्रत्येक रानात सारखाच उतरत नाही. क्षारपड रानात फुले २६५ तग धरतो. टी.व्ही.चेही असेच आहे. दुकानातला सर्वांत झगझगीत संच आपल्या सोप्यात सर्वांत चांगला दिसेल असे नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून चार गोष्टी ठरवाव्यात. त्या कशा ठरवायच्या ते या लेखात पाहू.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९८२ साली रंगीत चित्र आले. 'आमची माती, आमची माणसं' पाहायला गावातल्या एखाद्याच घरी सारी आळी जमायची, ते दिवस जुन्या सभासदांना आठवत असतील. त्या काळी मिळेल तो संच घ्यायचा, एवढीच निवड होती. आज एकाच मापाचे दहा-वीस संच भिंतीवर ओळीने लावलेले असतात, किमतीत दुपटीचा फरक असतो आणि प्रत्येकावर पाच-सहा चकचकीत चिठ्ठ्या असतात. गोंधळ होतो तो इथेच.

१) आधी बिलाचा हिशेब

बिलाची रक्कम म्हणजे सारी शिल्लक नव्हे. सोसायटीचे पीककर्ज वळते होते. त्यानंतर खोडव्याचे खत, पुढील लागणीचे बेणे, मजुरी आणि पाणीपट्टी हे पैसे बाजूला काढावेत. मुलांची फी आणि पुढचे पैसे हातात येईपर्यंतचा घरखर्च धरावा. यातून उरेल त्यातला एक भाग टी.व्ही.साठी. बेण्याच्या पैशातून टी.व्ही. आणला आणि मग घरच्याच खोडव्याचे किडके बेणे वापरले, तर त्या टी.व्ही.ची खरी किंमत पुढच्या हंगामात काट्यावर कळते.

दुसरी गोष्ट, ठरवलेली सगळी रक्कम संचावर घालू नये. भिंतीवर टांगायची पट्टी, स्पाइक गार्ड, डिशची वायर, विजेचा नवा पॉइंट हा खर्च पाठोपाठ येतोच. समजा २५ हजार रुपये ठरवले, तर संच २२ हजारांपर्यंतचा पाहावा आणि ३ हजार जोडखर्चाला ठेवावेत.

आता हप्त्यांविषयी. "बिनव्याजी हप्ते" ही पाटी आज प्रत्येक दुकानात दिसते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज असे काही नसते. व्याज कुठेतरी दडवलेले असते. ते कसे दडते ते पाहा. समजा संचाची किंमत २४ हजार सांगितली, दरमहा २ हजारांचे १२ हप्ते. रोखीने घेणाऱ्याला तोच संच २२ हजारांना मिळतो. हप्तेवाल्याला शिवाय ५०० रुपये प्रक्रिया शुल्क आणि त्यावर १८ टक्के कर, म्हणजे ५९० रुपये. एकूण २,५९० रुपये जादा गेले. दर महिन्याला मुद्दल कमी होत जाते हे धरून हिशेब केला, तर हे व्याज वर्षाला सुमारे २१ ते २२ टक्के पडते. बिनव्याजी म्हणता म्हणता हा भाव!

त्यातही नोकरदाराचा पगार महिन्याला येतो, आपले पैसे हंगामाला येतात. हप्ता मात्र जून-जुलैतही येतो. ऐन भरणीच्या आणि खताच्या दिवसांत. एक हप्ता चुकला की दंड लागतो आणि पुढे कर्ज मागताना बँकेत ती नोंद आडवी येते. म्हणून हप्त्याने घेणाराने दुकानदाराला सरळ विचारावे, "रोख दिले तर किती घ्याल?" दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्यावेत. फरक डोळ्यांसमोर येतो.

२) जुना संच खरोखर बदलायचा आहे का?

खोडवा जोमदार असेल तर आपण तो मोडत नाही. घरातल्या सपाट टी.व्ही.चे चित्र स्वच्छ असेल आणि तक्रार एवढीच असेल की "त्यावर इंटरनेट चालत नाही", तर नवा संच घेण्याची गरज नाही. संचाच्या मागे किंवा बाजूला एच.डी.एम.आय.चे चपटे भोक आहे का पाहावे. असल्यास त्यात बसणारी एक छोटी कांडी मिळते. ती लावली की जुना संच स्मार्ट होतो आणि नव्या संचाच्या मानाने फार थोड्या पैशांत काम भागते.

चित्रात काळे पट्टे पडले असतील, अर्धा पडदा अंधारला असेल किंवा अजून जुना खोक्याचा टी.व्ही. असेल, तर मात्र नवा घ्यावा. खोक्याच्या टी.व्ही.च्या काचेच्या नळीत शिसे असते. ती उकिरड्यावर फोडू नये. बदलीत दुकानदाराला द्यावी.

३) खोली मोजा

टी.व्ही.चे माप इंचांत सांगतात ते पडद्याच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे. त्यामुळे भिंतीवर किती जागा लागेल याचा अंदाज चुकतो. पडद्याची मापे साधारण अशी धरावीत :

३२ इंची – रुंदी २८ इंच, उंची १६ इंच
४३ इंची – रुंदी ३७ ते ३८ इंच, उंची २१ इंच
५५ इंची – रुंदी ४८ इंच, उंची २७ इंच

जुन्या वर्तमानपत्राचे कागद चिकटवून या मापाचा चौकोन करावा, भिंतीला लावावा आणि दोन दिवस तसाच ठेवावा. घरातली बाईमाणसे आणि मुले लगेच सांगतात की मोठा होतो का छोटा. सरी पाडण्याआधी दोरी लावतो, तसे हे काम आहे. फुकट आहे आणि चूक वाचवते.

आता अंतर. बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून भिंतीवरच्या पडद्यापर्यंत टेप लावा. फुटांचे इंच करा. त्याला दोनने भागले की मोठ्यात मोठे माप येते आणि अडीचने भागले की बेताचे माप येते. उदाहरणार्थ, अंतर ८ फूट म्हणजे ९६ इंच. दोनने भागले तर ४८, अडीचने भागले तर ३८. मधला ४३ इंची संच या खोलीला योग्य. अंतर ६ फूट असेल तर ७२ इंच, म्हणजे ३६ आणि २९. तिथे ३२ इंची पुरे. दहा फूट असेल तर ५० किंवा ५५ इंचीचा विचार करता येईल. खोलीची पूर्ण लांबी धरू नये. कॉट किंवा सोफा भिंतीपासून पुढे असतो, तेवढे वजा करावे.

उंचीही महत्त्वाची. बऱ्याच घरांत टी.व्ही. पार तुळईजवळ टांगतात आणि मग घरच्या म्हाताऱ्या माणसांची मान दुखते. बसल्यावर डोळे जिथे येतात त्याच्या आसपास पडद्याचा मध्य असावा. चटईवर बसून पाहणारे घर असेल तर त्याहून थोडा वर ठेवावा, म्हणजे लहान मुलांचा हातही पोचत नाही. दाराच्या किंवा खिडकीच्या बरोबर समोर पडदा नको. दिवसा त्यात चित्राऐवजी अंगणच दिसते.

४) घरात पाहतात काय?

हा प्रश्न सर्वांत मोठा आणि तोच कोणी विचारत नाही. आपल्या भागात पुष्कळ घरांवर दूरदर्शनच्या फ्री डिशची छत्री आहे. डिसेंबर २००४ मध्ये ही सेवा सुरू झाली. तिला महिन्याचे भाडे नाही. २०१५ साली सुरू झालेली किसान वाहिनीही त्यावर दिसते. परंतु त्यावरील बऱ्याच वाहिन्या साध्या प्रतीच्या आहेत, म्हणजे त्यांचे चित्र ५७६ आडव्या ओळींचे असते.

आता संच पाहा. ज्याला 'एच.डी. रेडी' म्हणतात त्याच्या पडद्यावर ७६८ ओळी असतात, 'फुल एच.डी.'वर १०८० आणि 'फोर के'वर २१६०. साध्या वाहिनीचे ५७६ ओळींचे चित्र फोर केच्या मोठ्या पडद्यावर ताणले की ते फिसकटते. एक एकराचे पाणी चार एकरांत फिरवले तर जे होते तेच इथे होते. एका सभासदांनी दहा फुटी सोप्यात ५५ इंची संच बसवला आणि "दुकानात होते तसे चित्र दिसत नाही" म्हणून तक्रार केली. संचात दोष काहीच नव्हता. दुकानात खास फोर केची फीत चालू होती, घरी फ्री डिश होती.

तेव्हा मुख्य पाहणे फ्री डिशचे किंवा साध्या केबलचे असेल, तर ३२ इंची एच.डी. रेडी किंवा ४३ इंची फुल एच.डी. पुष्कळ झाला. घरात फायबरचे चांगले इंटरनेट आहे, मुले त्यावर सिनेमे आणि सामने पाहतात, असे असेल तर ४३ इंची किंवा त्याहून मोठा फोर के घेण्यात अर्थ आहे.

मोबाइलच्या इंटरनेटवर टी.व्ही. चालवायचा बेत असेल तर आधी हा आकडा पाहा. एच.डी. प्रतीचा सिनेमा तासाला सुमारे ३ जी.बी. खातो, फोर केचा सुमारे ७ जी.बी. रोजचा दोन जी.बी.चा पॅक एक तासही पुरणार नाही. मग संचातले इंटरनेट नुसते नावाला राहते.

५) चिठ्ठ्यांवरचे शब्द आणि आतला माल

चिठ्ठीवर मोठे शब्द असले म्हणून माल मोठा होत नाही. दुकानात विचारायच्या खऱ्या गोष्टी थोड्याच आहेत.

उजेड : पडद्याचा उजेड 'निट' या एककात सांगतात. आपल्या सोप्याचे दार दिवसभर उघडे असते. अशा घरी ३०० निट किंवा त्याहून जास्त असलेला बरा. स्वस्त संचांत तो २००-२५० असतो. त्यावर 'एच.डी.आर.' लिहिलेले असले तरी एवढ्या उजेडात त्याचा फायदा फारसा दिसत नाही.

कडेने दिसणारे चित्र : आपल्याकडे एक जण कॉटवर, दोघे खाली, एक दारात अशी मंडळी बसतात. म्हणून दुकानात संचाच्या बाजूला सरकून पाहावे. रंग फिके पडत असतील तर तो संच एकट्या माणसाचा आहे, घरादाराचा नाही.

स्मरणशक्ती : स्मार्ट संचात रॅम निदान दीड ते दोन जी.बी. आणि साठवण ८ जी.बी. असावी. यापेक्षा कमी असेल तर वर्षभरात रिमोट दाबल्यावर चित्र यायला वेळ लागतो. काही अगदी स्वस्त संचांत मोबाइलसारखी प्रणाली कशीबशी बसवलेली असते आणि नेहमीची अ‍ॅप्स त्यात नीट चालत नाहीत. आपल्याला हवे ते अ‍ॅप दुकानातच सुरू करून दाखवायला सांगावे.

आवाज : सपाट संचात स्पीकर बारीक असतात. पंखा चालू असताना कीर्तन नीट ऐकू येईल का, हे दुकानात आवाज वाढवून पाहावे.

जोडण्या : एच.डी.एम.आय.ची निदान दोन भोके हवीत. काही संचांत फ्री डिश घेण्याची सोय आतच असते आणि वेगळा बॉक्स लागत नाही. ते विचारून घ्यावे.

खूण : बेण्याचा दाखला पाहतो तशी संचामागची पट्टी वाचावी. तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. ओळखीच्या कंपनीच्या नावासारखेच नाव लावून विकला जाणारा, पण असा क्रमांक नसलेला संच कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

६) वीज आणि वळीव

४३ इंची संचाला साधारण ७० ते १०० वॅट वीज लागते. ८० वॅट धरले आणि रोज पाच तास पाहिले, तर दिवसाला ०.४ युनिट, महिन्याला १२ युनिट. आपल्या बिलावरचा दर लावून गुणाकार करावा. तारांच्या लेबलावर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेले असते. दोन सारख्या संचांत कमी युनिटचा घ्यावा.

गावात मोटारी सुरू झाल्या की दाब खाली जातो. संचामागच्या पट्टीवर '१०० ते २४० व्होल्ट' असे असेल तर एवढ्याने त्याचे बिघडत नाही आणि वेगळा स्टॅबिलायझर घ्यावा लागत नाही. पट्टीवर याहून अरुंद मर्यादा असेल तर मात्र स्टॅबिलायझरचा खर्च धरावा. खरी भीती वळवाच्या विजेची. आभाळ गडगडू लागले की नुसते रिमोटने बंद करून भागत नाही. पिन काढावी आणि डिशची वायरही संचातून काढावी, कारण वीज त्या वायरीवाटेही आत येते. घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी घालावे.

७) दुकानात काय करावे?

दुकानातले संच मुद्दाम भडक रंगावर ठेवलेले असतात. विक्रेत्याला "घरचा मोड लावा" म्हणावे आणि साधी वाहिनी लावून दाखवायला सांगावे. तोच खरा चेहरा.

कराची माहिती असू द्यावी. ३२ इंचांपर्यंतच्या संचावर १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्के जी.एस.टी. आहे. त्यावरच्या मापावर २८ टक्के होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के झाला. म्हणजे २० हजार मूळ किमतीचा ४३ इंची संच पूर्वी २५,६०० रुपयांना पडे, तो २३,६०० रुपयांना पडतो. जुन्या छापील किमतीवर "दोन हजार सूट" असे सांगितले तर ती सूट दुकानदाराची नाही, कराची आहे, हे लक्षात ठेवावे.

मोबाइलवरून मागवलेला संच कधी हजार-दीड हजाराने स्वस्त पडतो. घ्यायला हरकत नाही, पण त्या कंपनीचा दुरुस्तीवाला तालुक्याला येतो का, हे आधी विचारावे. संच नादुरुस्त झाल्यावर तो पाठीवर टाकून जिल्ह्याला न्यावा लागला, तर वाचलेले पैसे एका फेरीत जातात.

८) घरी आणताना व आणल्यावर

खोके नेहमी उभे न्यावे. ट्रॉलीत आडवे टाकून वर खताच्या गोण्या ठेवू नयेत. पडदा तडकला तर हमीत बसत नाही, आणि नवा पडदा जवळजवळ नव्या संचाच्या मोलाचा असतो. कंपनीचा माणूस आल्यावर त्याच्या समोर खोके उघडावे. मागवलेला संच असेल तर उघडतानाचे मोबाइलवर चित्रीकरण करावे. एकदा पूर्ण पांढरे आणि एकदा पूर्ण काळे चित्र लावून ठिपके किंवा डाग आहेत का पाहावे.

पक्की पावती घ्यावी. तिच्यावर मॉडेलचा व संचाचा क्रमांक, तारीख आणि कर हवा. हमी साधारण एक वर्षाची असते. पडद्याची वेगळी आहे का ते लिहून घ्यावे. तोंडी हमी म्हणजे काट्याच्या पावतीविना ऊस. तक्रार ऐकली गेली नाही तर राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांक १९१५ आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

थोडक्यात, दुकानात जाताना खिशात एक कागद असावा. त्यावर पाच ओळी लिहाव्यात : जोडखर्च धरून एकूण रक्कम, डोळ्यांपासून पडद्यापर्यंतचे अंतर, त्यावरून ठरलेले माप, घरात मुख्यतः काय पाहतात, आणि दुरुस्तीवाला कुठून येणार. विक्रेता कितीही गोड बोलला तरी या पाच ओळींबाहेर जाऊ नये. बैलबाजारात जोडी घेताना आपले वडीलधारे दात, खूर आणि चाल पाहिल्याशिवाय हातावर रुमाल टाकू देत नसत. टी.व्ही.लाही तोच नियम लावला, तर बिलाचे पैसे योग्य जागी जातील आणि पुढच्या लागणीचे बेणे घरातल्या टी.व्ही.पायी अडून राहणार नाही.